दुभाष्याचा सुबक शब्द

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होते. गावात इंग्रजांची वखार होती आणि त्या वखारीत वैकुंठ नावाचा दुभाषी होता. फरासिसांची, म्हणजे फ्रेंच लोकांची, भाषा तो लहानपणी त्यांच्या गलबतांवर शिकला होता. इंग्रजी पुढे वखारीत शिकला. फरासिसांकडून आलेला कागद इंग्रजीत उतरवायचा, हे त्याचे काम.

वखारीची एक रीत होती. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे फरासिसांचा शब्द, उजवीकडे इंग्रजांचा. डावीकडे एक असेल तर उजवीकडेही एकच. वैकुंठाच्या आधीचा म्हातारा दुभाषी एकेका शब्दापुढे अर्धे पान खरडायचा. वखारीच्या मोठ्या साहेबाने त्याला नारळ दिला. वैकुंठाचे तसे नव्हते. त्याचे अक्षर सुबक, शब्दही सुबक. शब्दाला शब्द देण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कोणी नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होते.

त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायको शेवंती, समोरच्या कुर्लीबेटावरची. ती फारशी बोलत नसे, म्हणून सासरी सगळे तिला गरीब गाय समजत. शेवंती बोलत नव्हती, कारण ती बघत होती. सासूबाई कोणाच्या पानात तूप आधी वाढतात, कोणाला पुन्हा विचारतात, कोणाला विचारल्यासारखे करतात, हे सगळे तिने पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवले होते.

संध्याकाळी मात्र ती परसात जाऊन उभी राही. तिथून खाडीपलीकडचे बेट दिसे आणि बेटावरच्या देवळातला दिवा दिसे. तो दिवा तिचे वडील, आबा, लावत. दिवा लागला की आता आबा घरी जातील, हातपाय धुतील, जेवायला बसतील, एवढे तिला इथून कळे. नव्या घरात तिचा दिवस त्या दिव्यावर सरत होता.

हे बेट मागे एका तहात फरासिसांकडे गेले होते. पण तहात इंग्रजांनी एक अट घातली होती. बेटावरच्या एकाही माणसाला हाकलायचे नाही. हाकलले तर वखारीच्या तोफा बोलतील. फरासिसांना तिथे गलबतांसाठी गोदी बांधायची होती. जागा होती, लाकूड होते, फक्त माणसे मधे येत होती.

एक दिवस फरासिसांकडून वखारीत कागद आला. त्यात एक नवा शब्द होता. त्यांच्या राजधानीतल्या कोणा मंत्र्याने दोन जुने शब्द सांधून तो ताजा पाडला होता. भांडे उपडे करायचे नाही. त्याला तळाशी बारीक भोक पाडायचे आणि पाणी गेले की म्हणायचे, पाणी गेले. असा काहीसा त्याचा अर्थ. येत्या काळात बेटावर आम्ही हेच करणार आहोत, असे कागदात लिहिले होते.

मोठा साहेब म्हणाला, "ह्याचा अर्थ हाकलणं असेल तर मला तोफा लावाव्या लागतील. नसेल तर सही करतो. उद्या सकाळी शब्द दे."

त्या दिवशी वैकुंठ जेवायला बसला, पण घास उचलेना. शेवंती वाढत होती.

"अगं, एक विचारतो," तो म्हणाला. "समज, एखाद्याला घरातून घालवायचं आहे. पण हात लावायचा नाही, जा म्हणायचं नाही. उद्या कोणी विचारलं तर आपले हात धुतलेले. ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

शेवंतीने माजघराकडे पाहिले. सासूबाई वाल सोलत होत्या.

"सून नांदवणं," ती हळूच म्हणाली.

वैकुंठाला ठसका लागला. "थट्टा नको. शब्द पाहिजे मला. फरासिसांच्या राजधानीतल्या कोणा शहाण्याने पाडलाय, तो इंग्रजीत न्यायचाय."

"शब्द नाही. गोष्ट आहे."

"सांग."

"आमची एक काकी होती. काका गेले, मागे ती राहिली. तिला जा असं कोणी म्हटलं नाही. आधी तिचा पाट माळ्यावर गेला. मग तिची घागर भरेनाशी झाली. मग तिच्याशी कोणी बोलेना. एके सकाळी गाठोडं घेऊन निघाली. सगळे म्हणाले, काकी आपणहून गेली." शेवंतीने भात वाढला. "मीही म्हणाले. लहान होते मी."

वैकुंठ थांबला. "आपणहून," तो स्वतःशीच म्हणाला. मग भराभर जेवला.

सकाळी त्याने कागदाच्या उजव्या बाजूला एक शब्द लिहिला. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याचा अर्थ 'आपखुशीने निघून जाणे'. छोटा, गोल, जिभेवर न अडखळणारा. साहेबाने तो दोनदा म्हणून पाहिला, वैकुंठाची पाठ थोपटली आणि सही केली. तोफांवरचे कापड कोणी काढले नाही.

येताना वैकुंठाने शेवंतीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या. म्हणाला, "तुझ्यामुळे सापडला." तिने कशामुळे, काय सापडले, हे फार विचारले नाही. नवऱ्याने पहिल्यांदाच आपणहून काही आणले होते.

मग एक दिवस कोळीण मासळी टाकायला आली तेव्हा म्हणाली, "बेटावरची होडी बंद झाली गो. तळ बदलायचा आहे म्हणे." शेवंतीला वाटले, होडी आहे, तळ कुजणारच.

पुढे कळले की बेटावरचा बाजारही बसत नाही. फरासिसांनी बंदी घातली नव्हती. फक्त बाजाराच्या जागी चुन्याच्या गोण्या उतरवून ठेवल्या होत्या.

त्यानंतर गोड्या विहिरीला कुंपण पडले. कठडा बांधायचा होता, लेकरे पडू नयेत म्हणून. कठडा काही बांधला गेला नाही. कुंपण तेवढे राहिले. लोक खाऱ्या विहिरीचे पाणी उकळून पिऊ लागले.

विहिरीचे ऐकले तेव्हा शेवंती पाट मांडत होती. ती पाट हातात धरून तशीच उभी राहिली. पाट, घागर, बोलणे. होडी, बाजार, विहीर.

वैकुंठ जेवायला बसल्यावर तिने विचारले, "तो शब्द कोणासाठी होता हो?"

"शब्द काय, सगळ्यांसाठीच असतो."

"कोणासाठी होता?"

वैकुंठ पानातले मीठ बोटाने सारखे करत राहिला. "बेटासाठी," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"चुकीचा नव्हता गं तो. जरा आखूड होता."

"मग लांब करा. साहेबाला माझ्या काकीची गोष्ट सांगा. सगळी सांगा, पाटापासून."

वैकुंठ उद्या म्हणाला. उद्या आला तेव्हा परवा म्हणाला. दिलेला शब्द परत मागितला, तर आजवर दिलेल्या सगळ्या शब्दांकडे लोक वाकड्या नजरेने पाहतील, असे त्याचे म्हणणे होते. शेवंती रोज भाकरी वाढे आणि रोज तेवढेच विचारी, "गेलात का?" शेवटी तो गेला.

मोठ्या साहेबाने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "बेटावर कोणी कोणाला हात लावला?"

"नाही साहेब."

"जा म्हटलं?"

"नाही."

"मग आपखुशीनेच जातायत. तूच लिहिलं आहेस." साहेब हसला. "वर सगळ्यांना आवडलाय तुझा शब्द. आणखी दोन-तीन ठिकाणी वापरायचा म्हणतायत."

हे ऐकून वैकुंठाला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या आत कुठेतरी त्याला बरेही वाटले, आणि घरी आल्यावर शेवंतीने ते त्याच्या तोंडावर वाचले.

काही दिवसांनी संध्याकाळी ती परसात गेली आणि बेटावर दिवा लागला नाही. वारा असेल, म्हणून ती थांबली. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेटावरचे लोक मिळेल त्या डोणीतून धक्क्यावर उतरले. त्यांच्यात आबाही होते. पाठीला गाठोडे होते आणि हातात देवळातला लामणदिवा होता, साखळीसकट. धक्क्यावर साहेब खुर्ची टाकून बसला होता. लोक का आले, हे कागदावर उतरवायचे होते. शेजारी वैकुंठ उभा होता. सुपारीच्या झाडामागे शेवंती उभी होती.

आबा साहेबासमोर आले. ते मितभाषी गृहस्थ, पण त्या दिवशी बोलत सुटले. होडीचे सांगितले. चुन्याच्या गोण्यांचे सांगितले. खाऱ्या पाण्याने शेजारच्या बाळंतिणीचे पोर दगावले, ते सांगितले. म्हणाले, "कोणी मारायला आलं असतं तर त्याचं नाव सांगितलं असतं, साहेब. कोणी आलंच नाही. कोणाचं नाव सांगू? घरच आमच्याशी बोलेनासं झालं." मग जावयाकडे वळून म्हणाले, "हे सगळं सांगा हं त्यांना. काही गाळू नका."

"काय म्हणतो म्हातारा?" साहेबाने विचारले.

वैकुंठाने झाडाकडे पाहिले. शेवंतीही त्याच्याकडेच पाहत होती. मग त्याने साहेबाच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिले. मधोमध रेघ होती. उजवीकडची जागा अरुंद होती.

त्याने एकच शब्द उच्चारला. साहेबाने तो लिहून घेतला आणि म्हणाला, "पुढचा."

शेवंतीला इंग्रजी येत नव्हते. पण एवढ्या लांब बोलण्याचे उत्तर एवढे छोटे आले, तेव्हा कोणता शब्द तो, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

आबांना जायला दुसरी जागा नव्हती. बापाने लेकीच्या सासरी राहायची रीत नव्हती, तरी ते राहिले, ओटीवर, कोपऱ्यात. लामणदिवा उशाशी ठेवत. तो टांगायला कुठे जागा आहे का, असे त्यांनी एकदा विचारले. सासूबाई म्हणाल्या, "बघू." सासूबाई कधी त्यांना वावगा शब्द बोलल्या नाहीत. व्याही म्हणजे मान.

मग एक दिवस शेवंती जेवणाची पाने घ्यायला गेली, तर आबांचा पाट जागेवर नव्हता. तिने वर पाहिले. तो माळ्यावर होता. तिने तो काढून पुसला आणि मांडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माळ्यावर होता. तिने पुन्हा काढला. ओटीवरची पाण्याची घागर मग रिकामी राहू लागली. शेवंती ती गुपचूप भरून ठेवी, आणि तिची पाठ वळली की कोणीतरी ते पाणी तुळशीला ओती. पुण्याचेच काम ते, त्याला काय म्हणणार? वैकुंठ सासऱ्यांशी बोलेनासा झाला होता. त्याला त्यांच्याकडे पाहवत नसे.

एके सकाळी ओटीवर फक्त लामणदिवा होता.

शेवंती खाडीच्या रस्त्याने टोकापर्यंत पळत गेली आणि परत आली. सासूबाई कुंपणापाशी शेजारणीशी बोलत होत्या.

"नाही हो, कोणी काही म्हटलं नाही," त्या सांगत होत्या. "व्याही आपणहून गेले."

वैकुंठ पानावर बसला होता. ते शब्द त्याच्या कानावर आले. त्याने शेवंतीकडे पाहिले, काही बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि किनाऱ्यावरच्या त्या सगळ्यात सुबक दुभाष्याला एकही शब्द सापडला नाही. शेवंतीने त्याच्या पानात भात वाढला.

तात्पर्य: खरे सांगायला जेवढे शब्द लागतील तेवढे खर्चावेत, अन्यायाला एकदा सुबक नाव दिले की तो आपल्या उंबऱ्याबाहेर थांबत नाही.