डोहाची अडवलेली वाट

फार जुनी गोष्ट. ऐन उन्हाळ्यात रानातल्या एकुलत्या एका डोहात मगर आली. म्होरक्या गव्याने ती पाहिली आणि तो पाणवठ्याच्या वाटेवर आडवा उभा राहिला.

"इथे कोणी यायचं नाही. डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जा," तो म्हणाला. घबराट नको म्हणून कारण मात्र त्याने सांगितलं नाही.

चितळी हरिणीचं पाडस तहानेने कासावीस झालं होतं. डोंगर चढणं त्याला शक्य नव्हतं. त्याला घेऊन ती करवंदीच्या जाळीतून मागच्या काठाला उतरली. मगर नेमकी तिथेच होती.

"माघारी फिर! मगर!" टिटवी किंचाळली.

चितळीने पाडसाला मागे ढकललं, तोच तिचा पाय जबड्यात सापडला. जिवाच्या आकांताने तो सोडवून ती रक्तबंबाळ वर आली.

"मी अडवलं होतं ना?" गवा गरजला.

"अडवलंत, दादा. पण मगर आहे एवढं सांगितलं असतंत, तर मी लेकराला इथे आणलं असतं का?"

गव्याची मान खाली गेली. तो वाटेतून बाजूला झाला.

"टिटवे, मगर कुठे आहे ते सगळ्यांना सांगत राहा."

"मागच्याच काठाला आहे!"

चितळी लंगडत पुढच्या उथळ काठाला गेली. पाडस पाणी पिईपर्यंत गवा मगरीवर नजर रोखून उभा होता.