भागीरथीची मोरी आणि महाराजांचं अळू

फार जुनी नाही, अलीकडचीच गोष्ट. एका जंगलात भागीरथी नावाची साळिंदरीण राहत होती. तिच्या बिळाला लागून एक दगडी मोरी होती. मोरीचं पाणी वाहत मागच्या अळवाला जाई. त्या पाण्यावर अळू माजे, अळवावर भागीरथीचं पोट भरे. या सगळ्यात सरकारचा काडीचाही हात नव्हता, आणि हेच सरकारला खुपत होतं.

एकदा मोरीतली एक फरशी तडकली. भागीरथी दरबारात गेली. गर्जनसिंह महाराज झोपले होते, म्हणजे राज्यकारभार सुरळीत चालू होता. बांधकाममंत्री हुप्पाजी वानर जागे होते.

“एक फरशी बदलून द्या, बाकी सगळं बरं आहे,” भागीरथी म्हणाली.

“काकू, इतका लहान विचार करू नका,” हुप्पाजी म्हणाले. “महाराजांनी तुमच्यासाठी मोठा विचार करून ठेवलाय.”

काम संपेपर्यंत तिला बहिणीच्या बिळात पाठवलं. ती परतली तेव्हा मोरीत तोंड दिसेल अशा चकचकीत फरश्या होत्या. नळ मात्र थेट मोरीवर झुकलेल्या जांभळीच्या उंच फांदीजवळ होता, कारण उद्घाटनाच्या फोटोत हुप्पाजींना फांदीवर बसूनच तो सोडायचा होता. उद्घाटनाला महाराज बाहेरच्या बाजूला उभे राहणार, त्यांचे पंजे भिजायला नकोत, म्हणून फरशीचा उतार बिळाकडे काढला होता. आणि सांडपाण्याचा पाइप जमिनीखालून जो गेला, तो सरळ राजवाड्याच्या बागेत.

नळ सुटला, टाळ्या पडल्या आणि अर्धं पाणी भागीरथीच्या अंथरुणात शिरलं.

“अहो, पाणी घरात आलं,” ती म्हणाली.

“घरोघरी पाणी! वचन दिलं होतं, पाळलं,” हुप्पाजी फांदीवरून म्हणाले.

“आणि माझं अळू? त्याला आता थेंब नाही.”

“अळू कुठे जातंय, काकू? तुमच्या एकटीचं होतं, ते आता सगळ्यांचं झालं.”

भीक नको पण कुत्रं आवर, असं तिला झालं. जुनी तडकलेली फरशी मिळेल का, म्हणून तिने विचारलं. ती वारसा म्हणून संग्रहालयात ठेवली होती. रोज सकाळी ओंजळीने घरातलं पाणी उपसताना तिला रडू येई. परसातलं अळू पिवळं पडलं, मग काळं पडलं.

तेवढ्यात निवडणूक आली. त्या जंगलाची रीत सोपी होती. मैदानात सगळ्यांनी जमायचं आणि राजा नको असेल त्याने मोठ्याने ‘नको’ म्हणायचं. यंदा बरेच जण म्हणणार होते, भागीरथीने सगळ्यांना आपलं ओलं अंथरूण दाखवलं होतं.

महाराजांनी मतदानाआधी पंगत ठेवली. पानात भागीरथीच्या मोरीच्या पाण्यावर राजबागेत माजलेल्या अळवाचं फतफतं. मुदपाकखाना वाघाकडे होता. वाघाच्या सात पिढ्यांत कुणी पाला शिजवला नव्हता, त्यामुळे अळवाला चिंच लागते, नाहीतर ते घशाला खाजतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. भागीरथीने एक घास जिभेला लावला आणि काय ते ओळखलं. काट्यांत खोचलेलं चिंचेचं बुटूक काढून तिने आपल्यापुरतं कालवलं. बाकीची प्रजा फुकटचं म्हणून दोन-दोनदा वाढून घेत होती.

“महाराज कुणाला नको आहेत?” हुप्पाजींनी पुकारा केला.

हरणाने तोंड उघडलं. कोरड्या नळासारखा नुसता घरघराट आला. सशाने घसा खाजवला. रानडुकराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते आनंदाश्रू म्हणून नोंदले गेले.

“नको!” भागीरथी एकटी ओरडली.

हुप्पाजी प्रसन्न हसले. “बघा, एकीने विरोधही केला. म्हणजे आपल्याकडे लोकशाही आहे, हेसुद्धा सिद्ध झालं. महाराज विजयी.”

चूक वाघाची होती, पण चूक उपयोगी पडली की सरकार तिचं धोरण करतं. त्या जंगलात निवडणुका अजूनही अगदी वेळेवर होतात. आधी पोटभर जेवण असतं. चिंचेची झाडं तेवढी विकासाच्या आड येत होती, ती तोडली.