लहान पावलाचे माप

हिमालयाच्या एका दुर्गम खोऱ्यात, मार्गशीर्ष सरता सरता जी बर्फाने बुजते आणि चैत्रापर्यंत उघडत नाही अशा एका खिंडीच्या पायथ्याशी, एकदा एक वृद्ध साधू राहत असे. त्याची मठी म्हणजे दगडांच्या तीन खोल्या आणि एक अंगण. आयुष्यभर त्याने दोनच कामे केली होती. ग्रंथ वाचले आणि वाटसरूंना खिंड ओलांडून दिली. दुसरे काम पहिल्याहून अवघड आहे, असे तो म्हणे.

त्याच्यापाशी एक शिष्य होता. वय चोवीस, उंची दारात वाकावे लागेल एवढी, आणि पायांत असे बळ की उभा चढ तो बोलत बोलत चढे. सहा हिवाळे तो गुरूच्या मागून चालला होता. त्या वर्षी गुरूने त्याला म्हटले, “यंदा पुढे तू चाल.” शिष्याने नमस्कार केला. त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नाही.

बर्फातल्या वाटेचा एक नियम आहे. ताज्या बर्फात जो पहिला चालतो, तो आपल्या भाराने बर्फ दाबून खळगे पाडीत जातो, आणि मागच्यांनी त्याच खळग्यांत पाय ठेवायचा असतो. तिथे बर्फ घट्ट असतो. शेजारी टाकलेला पाय मांडीपर्यंत आत जातो. म्हणून पुढचा मनुष्य जशी पावले टाकील, तशी सर्वांची वाट होते.

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात कांबळ्यांचा एक व्यापारी आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन मठीत आला. बहीण पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, अंगाने स्थूल आणि जिभेने मोकळी होती. तिच्या हातात फडक्याने तोंड बांधलेले एक मडके होते.

व्यापारी म्हणाला, “महाराज, ताईची लेक पलीकडच्या गावी दिलेली आहे. पहिलटकरीण आहे, पौषात दिवस भरतात. घरात सासू नाही, जाऊ नाही. ताईला काहीही करून पोहोचवायचे आहे.”

“मडक्यात काय आहे?” शिष्याने विचारले. “ओझे कमी केलेले बरे.”

“डिंकाचे लाडू आहेत,” बहीण म्हणाली. “ओझे कमी करायचेच असेल, तर आधी मला ठेव. लाडू तेवढे पोहोचव.”

वृद्ध हसला. मग त्याने आकाशाकडे पाहिले आणि सांगितले की, उद्याचा एकच दिवस हातात आहे. परवापासून हिमपात सुरू होईल आणि खिंड मिटेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. पुढे शिष्य, त्याच्या मागे व्यापारी, मग त्याची बहीण आणि सर्वांत शेवटी वृद्ध. उभ्या चढावर बाईंचा तोल गेला, तर सावरायला खालच्या बाजूस कोणीतरी हवे, म्हणून तो मागे राहिला. निघताना त्याने शिष्याला एवढेच सांगितले, “दर शंभर पावलांनी एकदा मागे वळून पाहत जा.”

शिष्य चालू लागला. बर्फ कोरा होता, वर आकाश निळे होते आणि सहा वर्षांत प्रथमच त्याच्या पुढे कोणाची पाठ नव्हती. त्याची पावले आपोआप लांब पडू लागली. शंभर पावले झाली की तो मागे वळून पाही आणि पुन्हा चालू लागे.

पहिल्या विसाव्याला बहीण धापा टाकीत येऊन बसली. वृद्धाला म्हणाली, “महाराज, तुमचा शिष्य चालतो आहे की नदी ओलांडतो आहे? त्याच्या एका पावलातून दुसऱ्यात जायचे, तर मला मध्ये मुक्काम करावा लागतो.”

सगळे हसले. शिष्यही हसला. त्याला ती आपल्या बळाची स्तुती वाटली.

त्याच वेळी त्याचे लक्ष खालच्या वाटेकडे गेले. आपल्या दोन पावलांच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी एक नवीन, लहान पाऊल उमटलेले त्याला दिसले. ती पावले गुरूची होती. गुरू मागून येताना तयार खळग्यांच्या मध्ये कोऱ्या बर्फात पाय रोवीत, दोनदोनदा दाबीत येत होता.

“गुरुजी,” त्याने नम्रपणे पण किंचित हसून विचारले, “तयार पावले सोडून आपण मध्ये नवी का पाडता? श्रम दुप्पट होतात.”

“होतात खरे,” वृद्ध म्हणाला आणि उठला.

गुरूंचे आता वय झाले, असे शिष्याच्या मनात आले. पुढचा चढ त्याने अधिकच वेगाने घेतला.

सूर्य वर आला तसा बर्फाचा वरचा कठीण थर मऊ पडू लागला. बहिणीचा पाय शिष्याच्या खळग्यापर्यंत पोहोचत नव्हता. ती मध्येच पाय टाकी, गुडघ्यापर्यंत रुते, उपसून काढी आणि पुन्हा रुते. तिचे पायमोजे भिजले. तिने ते कोणाला सांगितले नाही. लेकीकडे जाणारी आई अशा गोष्टी सांगत नाही. दुपारी खिंडीचा माथा दिसू लागला, त्याच वेळी ती कमरेइतकी आत गेली आणि तिला उठता येईना.

वृद्धाने तिला बाहेर काढून तिचा जोडा उतरविला. पायाची बोटे मेणासारखी पांढरी झाली होती. त्याने ती आपल्या कांबळ्यात, पोटाशी धरली आणि म्हणाला, “इथून परत.”

वरून शिष्य धावत खाली आला. “परत? गुरुजी, आता अवघी दोनशे पावले उरली!”

बहिणीने मान वर केली. “तुझी की माझी?”

मग ती हात जोडून वृद्धाला म्हणाली, “मला ओढत न्या, पण वर न्या हो. ती पोर दाराकडे डोळे लावून बसली असेल.”

“बाई, माथ्यापलीकडे अर्ध्या दिवसाची उतरण आहे. हे पाय तेवढा वेळ टिकणार नाहीत. तुमच्या लेकीला आई हवी आहे, आईचे पाय तोडल्याची बातमी नको.”

ती रडली. आवाज न करता, मडके छातीशी धरून रडली. व्यापाऱ्याने तोंड फिरविले.

शिष्याने तिला पाठीवर घेतले. एवढे तरी आपण करू शकतो, असे त्याला वाटले. पण पाठीवर भार येताच त्याची पावले आखूड झाली, आणि सकाळी त्याने स्वतःच पाडलेल्या खळग्यांपर्यंत आता त्याचाच पाय पोहोचेना. तो रुतला. उठला, पुन्हा रुतला. तिसऱ्यांदा ती दोघेही कुशीवर पडली. बर्फात तोंड खुपसलेल्या अवस्थेत त्याला डोळ्यांसमोर ते लहान पाऊल दिसले. दोन खळग्यांच्या मधोमध, दोनदा दाबलेले आणि घट्ट.

त्याने त्यात पाय ठेवला. पाय टिकला. पुढच्या लहान पावलात ठेवला. तोही टिकला. तशाच पावलांवरून तो मठीपर्यंत उतरला. वाटेत त्याच्या मानेवर बाईंचे ऊन अश्रू पडत होते आणि लगेच गार होत होते.

संध्याकाळ व्हायच्या आतच हिमपात सुरू झाला. तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी खिंड कुठे होती, हेही सांगता येत नव्हते.

व्यापारी खालच्या गावी परतला. बहिणीला चालणे अशक्य होते, म्हणून ती मठीत राहिली. निघताना तो शिष्यासमोर उभा राहिला. “मी माल गमावला असता, तर बोललो नसतो. आम्ही तुमच्या भरवशावर चढलो होतो.” एवढे बोलून तो गेला.

शिष्य गुरूपुढे जाऊन बसला. वृद्ध म्हणाला, “बर्फात पहिल्या माणसाने टाकलेले पाऊल त्याचे स्वतःचे राहत नाही. ज्याला ते कामी यायचे, त्याचे ते असते. बलवान मनुष्य पुढे नेमतात, तो लांब ढांगा टाकता याव्यात म्हणून नव्हे. लहान पावले टाकूनही बर्फ दाबण्याचे बळ त्याच्या अंगी उरते, म्हणून नेमतात. हे मी तुला सकाळी सांगायला हवे होते. मी मुद्दामच सांगितले नाही. मागे वळून पाहशील, तर आपणच समजशील असे मला वाटले. मधली पावले मी मागून पाडली, ती परतीसाठी; चढताना ती बाईंच्या कामी येणार नव्हती. बाईंच्या वाटेवर मी तुझा पाठ घेत बसलो. ही माझी चूक. तुझे म्हणशील, तर तुझ्या ते ध्यानात आले नसेल.”

गुरूने क्षमेचे दार उघडून दिले होते. शिष्याला त्यातून गुपचूप आत जाता आले असते. त्याने मान खाली घातली.

“ध्यानात आले होते, गुरुजी.”

“काय?”

“मी दर शंभर पावलांनी मागे पाहिले. तुम्ही सगळे दर वेळी अधिक खाली दिसत होता. बाई रुतताना मला दिसल्या. आणि मला...” तो थांबला. “मला बरे वाटले. अंतर वाढले म्हणून बरे वाटले.”

वृद्धाने शेगडीतले लाकूड थोडे आत सारले. नंतर तो उठला, शेजारच्या खोलीत गेला आणि त्या बाईपुढे हात जोडून उभा राहिला. शिष्याने गुरूला कोणापुढे तसे उभे राहिलेले पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते दृश्य त्याला कोणत्याही शिक्षेपेक्षा जड गेले.

हिवाळा लांबला. शिष्य रोज कोमट पाणी करून बाईंचे पाय शेकी. बोटे हळूहळू तांबूस झाली. डाव्या पायाची दोन मात्र काळवंडली आणि त्यांतली जाणीव पुन्हा आली नाही. ती त्याला बोल लावीत नसे. भिंतीला टेकून ती लोकरीचे इवले टोपडे विणी आणि दिवस मोजी. पौषातल्या एका सकाळी ती सुया खाली ठेवून म्हणाली, “आज होईल. किंवा होऊन गेले असेल. काय झाले, कोण जाणे.” आणि पुन्हा विणू लागली.

माघात तिने मडके सोडले व एक लाडू त्याच्यापुढे धरला.

“खा.”

“नको, बाई. ते बाळंतिणीचे आहेत.”

“चैत्रापर्यंत खवट होतील. खा रे. बायकांच्या हातचे फुकट घालवू नये.”

त्याने घास तोंडात घातला. उरलेला लाडू हातातच धरून तो बसला. बाईंनी ते पाहिले आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकविला.

चैत्रात खिंड उघडण्याच्या बेतात आली, तसा व्यापारी मठीत परत आला. निघण्याच्या आदल्या दिवशी शिष्याने अंगणात चुलीतली राख पसरली आणि म्हणाला, “बाई, यावरून दहा पावले चाला. नेहमीसारखी. घाई करू नका.”

“आता हे काय आणखी?”

“चाला तर.”

ती लंगडत चालली. त्याने गुडघे टेकून एकेक अंतर पाहिले, त्यांतले सर्वांत लहान निवडले, आणि त्या मापाची भोजवृक्षाची एक काठी तोडली. काठी त्याच्या हाताहून आखूड होती. दारात उभ्या असलेल्या वृद्धाने ती पाहिली. “उद्या मी येत नाही,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आपल्या बहिणीच्या मागे राहून चढ चढला. पुढे तो उंच तरुण हातातली आखूड काठी बर्फावर आडवी ठेवी, तिच्या दोन टोकांशी दोन पावले पाडी, पुन्हा ठेवी. एखाद्याने ते दुरून पाहिले असते, तर शिंप्याने डोंगराचे माप घेतल्यासारखे त्याला वाटले असते. माथ्यावर पोहोचायला दुपार टळली. बाई एकदाही रुतल्या नाहीत.

पलीकडच्या गावी लेक सुखरूप होती. मुलगा झाला होता आणि तो साडेतीन महिन्यांचा होता. आजीने त्याला घेतले, तर तो अनोळखी चेहरा पाहून ओठ काढून रडू लागला. तिने पिशवीतून टोपडे काढून त्याच्या डोक्यावर घातले. ते अर्ध्या डोक्यावरच अडकले.

“उसवून पुन्हा विणीन,” ती म्हणाली. “लोकर कुठे पळून जाते?”

लेक आईच्या लंगडत्या पायाकडे पाहत होती. तिच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली दुसरेही काही होते. “आई, दोन दिवस अडले होते मी. शेजारची म्हातारी होती म्हणून निभावले. तू का आली नाहीस?”

बाईंनी बाळाच्या अंगावरचे दुपटे नीट केले. “बर्फ फार होता गं,” त्या सहज म्हणाल्या.

शिष्य उंबरठ्याबाहेर उभा होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते. तो ओझे खाली ठेवून निघून गेला असता, तरी चालले असते.

“बर्फ फार नव्हता,” तो म्हणाला. “वाट मी पाडली होती. ती माझ्या पायांच्या मापाची पाडली. त्यांना चालता येत नाही हे मला दिसत होते, तरी मी थांबलो नाही.”

लेकीने त्याच्याकडे पाहिले आणि दृष्टी काढून घेतली. ‘असू दे’ असे ती म्हणाली नाही. म्हणण्याचे काही कारणही नव्हते. काही वेळाने बाईंनी आतून एका वाटीत गरम दूध आणून त्याच्या हाती दिले. ते त्याने उभ्यानेच प्यायले, वाटी विसळून पालथी ठेवली आणि निघाला.

परतताना तो एकटाच होता. पाठीवर ओझे नव्हते, मागे कोणी नव्हते, वाटेल तेवढ्या ढांगा टाकता आल्या असत्या. तो त्याच लहान पावलांतून परत आला.

वृद्धाने दार उघडून विचारले, “फार वेळ लागला?”

“बाईंना जाताना लागला, तेवढा.”

वृद्धाने बाजूला होऊन त्याला आत घेतले. त्या मठीत पुढे अनेक वर्षे दाराशेजारी, जोडे ठेवण्याच्या जागी, राखेत मोजलेल्या मापांच्या आखूड काठ्या उभ्या असत. दर हिवाळ्यात नव्या तोडल्या जात आणि जुन्या जळणाला जात. जळणाला गेली नाही ती एकच, सर्वांत पहिली.

ज्याला चार माणसांच्या पुढे चालण्याचा मान मिळाला आहे, त्याने मागे वळून पाहताना आपल्याला नेमके काय बरे वाटते, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.