विल्गेनबेकचे पांढरे चेहरे

फ्लँडर्समधल्या विल्गेनबेक गावाच्या चौकात एक अरुंद दगडी घर आहे. दार भक्कम, खिडक्या मोठ्या, जागा मोक्याची. पण कित्येक शतकांत ते कुणी विकत घेतले नाही की भाड्याने मागितले नाही. वसंतातल्या एका ठरावीक सकाळी सारे गाव तोंडाला पांढरा खडू फासून या घरासमोर येते. गाणे नाही, वाजंत्री नाही. खिडकीकडे बघत थोडा वेळ उभे राहायचे आणि घरी जायचे. पाहुण्यांना वाटते, सोंगांचा सण असेल. ते हसतात, कॅमेरे काढतात, आणि मग गोडलिव्ह आजींचा आवाज चढतो.

या आजी चर्चची किल्ली सांभाळतात आणि आल्यागेल्याला गावाची हकिकत सांगतात. "तमाशा नाही हा हसायला," त्या म्हणतात. "कुणामुळे करतो ते आधी ऐका." मग त्या सांगू लागतात, आणि माणूस मरून शतके लोटली तरी त्याच्यावरचा त्यांचा राग काल दुपारचा वाटतो.

फार पूर्वी इथे लिव्हेन नावाचा विणकराचा मुलगा होता म्हणे. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने, कातलीनने, त्याला वाढवले. पोराचा हात असा की कोळशाने भिंतीवर माणूस काढला तर शेजारी त्याला नावाने हाक मारत. पुढे तो ड्यूकचा दरबारी चित्रकार झाला. झेंडे रंगवायचे, पुतळ्यांवर सोन्याचा वर्ख चढवायचा, आणि ड्यूकच्या घराण्याला सांगून आलेल्या मुलींचे चेहरे दूरदेशी जाऊन काढून आणायचे, ही त्याची कामे. त्याच्यावर भरवसा होता, कारण नाक वाकडे असेल तर तो वाकडेच काढी. कातलीन ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत भावाचे कौतुक सांगायची.

त्याच सुमारास ड्यूकचे आणि गावाचे बिनसले. गावाच्या मनोऱ्यात एक घंटा होती. ती वाजली की विणकर माग सोडून एकत्र जमत, आणि ड्यूकला नेमके तेच खुपत होते. त्याने घंटा उतरवायला माणसे धाडली. चार विणकरांनी पुढे होऊन त्यांना वेशीवरूनच परतवून लावले. त्या चौघांतला एक कातलीनचा नवरा गिलिस.

ड्यूक एकाएकी गोड झाला. झाले गेले विसरा, असा निरोप आला, तुमच्या चर्चला मी एक चित्र देतो. बाळ येशूला बघायला आलेले मेंढपाळ असतील, आणि त्यांना चेहरे असतील तुमच्या त्या चार शूर माणसांचे. काढायला तुमचाच लिव्हेन येईल. गावाला भरून आले, असे सांगतात. आजी इथे थांबतात आणि म्हणतात, "भोळी होती सगळी. दुसरं काय?"

लिव्हेन बहिणीकडेच उतरला. मागच्या पडवीत ओकच्या फळ्या लागल्या, कोपऱ्यात खडूची पोती रचली गेली. त्या काळी फळीला खडू आणि सरस यांचा लेप देऊन मगच रंग चढवत. चौघांना एकेक करून समोर बसवून त्याने आधी कागदावर चेहरे उतरवले. गिलिसचा चेहरा पाहून कातलीनच्या डोळ्यांत पाणी आले. नवऱ्याकडे इतके निरखून तिने स्वतःही कधी पाहिले नव्हते.

काही दिवसांनी ती कागद पाहायला गेली, तर जागेवर नव्हते.

"दरबारात गेले," लिव्हेन म्हणाला. "ड्यूकना फार आवडले म्हणे."

कातलीनने काय ते ओळखले. ड्यूकचे शिपाई परमुलखातले. गावात कोण गिलिस आणि कोण दुसरा, हे त्यांना सांगणारा कुणी नव्हता. आता कागद सांगणार होते.

"अरे, दुसरे काढून पाठव," ती म्हणाली. "पहिले चुकले म्हणून कळव. नाकं बदल, हनुवट्या बदल. माणसं जातील रे आपली."

"चुकले म्हणून कळवू? मी?" लिव्हेन ब्रश पुसत म्हणाला. "ताई, माझ्या हातून खोटा चेहरा उतरत नाही."

ड्यूकचा बेत त्याला आधीपासून माहीत होता की नव्हता, यावर गावात दोन मते आहेत. आजींचे एकच आहे, आणि ते छापण्याजोगे नाही.

शिपाई आले ते दुसऱ्याच दिवशी, पहाटे. वेस बंद झाली, पळायला वाट उरली नाही. सगळ्या गावाला चौकात हजर व्हायचा हुकूम सुटला. तेव्हा कातलीनने पडवीतली पोती ओढत विहिरीवर आणली, फोडली, पाणी घालून कालवली आणि पहिला हात गिलिसच्या तोंडावर फिरवला. मग स्वतःच्या. मग जो येईल त्याच्या. म्हातारे, लेकुरवाळ्या, पाद्री, सगळे पांढरे झाले. चौकात कप्तानाने कागद उलगडले आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतच राहिला. चौघांना आणायचे, बाकी गावाला हात लावायचा नाही, असा त्याला हुकूम होता. ड्यूकला इथले कापड हवे होते. तोंडे धुवा म्हणून तो ओरडला. कुणी हलले नाही.

शेवटी त्याने लिव्हेनला बोलावले. धमकी दिली नाही, तलवार उपसली नाही. नुसता हसला. "तुझी चित्रं कुणासारखीच नाहीत, दरबारी चित्रकार! यापेक्षा आमचा आचारी बरं काढतो."

लिव्हेन तेवढ्यावर गप्प बसता तर शिपाई हात हलवत परतले असते. पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कागद हिसकावून घेतले आणि रांगेतून चालू लागला. "हा बघा. कानाची पाळी बघा, तशीच काढलीये की नाही?" शिपायांनी त्या माणसाला ओढले. "हा. याच्या भुवया बघा." तिसऱ्याला त्याने मानेवरून ओळखले. मग तो गिलिससमोर आला. शेजारी कातलीन उभी होती. लिव्हेनने कागद खाली घेतला.

"चौथा इथे नाही," तो म्हणाला.

कातलीनने श्वास सोडला. नवरा वाचला होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत गिलिसने बाहीने तोंड पुसले आणि तो त्या तिघांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मेव्हण्याच्या मेहेरबानीवर जगणे त्याला नको होते. चौघेही पुन्हा घरी आले नाहीत.

लिव्हेनला सोन्याची साखळी मिळाली. पुढे ड्यूक मेला, नव्या ड्यूकने त्याला काढून टाकले, आणि म्हातारपणी तो गावी परतून चौकातल्या या घरात राहिला. त्याला कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. फक्त तो खिडकीत आला की खाली सगळी तोंडे पांढरी व्हायची. दारोदारी खडूचे वाडगे भरलेले असत. काढायला त्याला एक चेहरा मिळेना. आठवून काढू गेला तर हातातून ते चारच उतरत.

मरायला टेकला तेव्हा त्याने बहिणीला बोलावले. ती आली, पण खडू लावून.

"ताई, एकदा तोंड धू ना. बघू दे मला."

"गिलिसनं त्याचं तोंड स्वतः पुसलं," ती म्हणाली. "तुला तेवढं बघायला मिळालं. माझं मिळायचं नाही."

तो जाईपर्यंत ती उशाशी बसून राहिली. बाहेर आली तेव्हा लोकांनी पाहिले, तिच्या दोन्ही गालांवरून खडू वाहून गेला होता. चौकातल्या वाडग्यात बोटे बुडवून तिने ते ओघळ नीट बुजवले, आणि मगच घराची वाट धरली.

आजही वसंतातल्या त्या सकाळी घरासमोर उभे असताना एखाद्याच्या गालावरचा खडू ओघळतो. शेजारचा माणूस खडूच्या वाडग्यात बोट बुडवतो आणि लावून देतो.