आधी एक गिरकी

काठावर मेजवानी झोडायची आणि बर्फाला पायही न लावता नाचाची जागा ठरवायची, ही कुठली रीत?

फार पूर्वी हिमालयात प्राण्यांची बर्फावरच्या नाचाची स्पर्धा भरे. ती भरवण्याचा मान कायम काठावर पंचांना मेजवानी देणाऱ्या मोठ्या सरोवरालाच मिळे. धाकट्या तळ्यावरच्या झिपरी पाणमांजरीला ते सहन होईना. यंदा जागा ठरवायला आलेल्या पंचांना ती आडवी गेली आणि त्यांच्या प्रमुख अस्वलाला म्हणाली,

"अस्वलदादा, जेवण नंतर! आधी दोन्हीकडे एकेक गिरकी घ्या."

"घाबरतो की काय!" म्हणत अस्वल सरोवरावर उतरलं. मेजवानीच्या चुलींनी पातळ झालेला बर्फ कडकन फुटला. कमरेपर्यंत भिजलेलं अस्वल कुडकुडत तळ्यावर आलं. तिथे त्याने गिरकी घेतली, दुसरी घेतली, मग थांबेचना!

"स्पर्धा इथेच!" ते गरजलं. झिपरीने आनंदाने कोलांटी मारली.

पंचांमधलं बदक काठावरून पुटपुटलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण आचारीच निवडत होतो."