सुभानाचे तीन वाटे

एका गावात एक भोळा सुभाना होता. भोळा हे गावाचं म्हणणं. बायकोचं म्हणणं चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

बायको हौसा. तिच्यावर सुभानाचा भारी जीव. एकदा तिनं त्याला चौसष्ट रुपये देऊन बाजाराला धाडलं. म्हणाली, "खिशात असतील त्याचं निम्मंच खर्चा. निम्मं उरलं पायजे."

सुभानानं पहिल्या दुकानात बत्तीस खर्चले. निम्मे उरले. दुसऱ्या दुकानात सोळा. निम्मे उरले. असा दुकानागणिक निम्मे उरवत तो एक रुपया घेऊन घरी आला. पिशवीत फुगे, शिट्ट्या आणि मांजराचा पट्टा. घरात मांजर नव्हतं.

हौसानं कपाळावर हात मारला. "हिशेब शिका, मग न्यायला या," म्हणाली आणि तडक माहेरी गेली.

सुभानाला घर खायला उठलं. आठवड्याच्या आत गडी सासुरवाडीत हजर.

सासरे म्हणाले, "पावणं, आधी गणित सोडवा, मग लेक न्या. समजा, तुमच्याजवळ साठ रुपये हाईत. निम्मे लुगड्याला गेले. उरलेल्याचा तिसरा हिस्सा बांगड्यांना. राहिले किती?"

सुभानानं खिसे उलटे केले. "मामा, साठ न्हाईत. रुपया हाय."

"आवो, समजायचं! मनातल्या मनात खर्चायचं!"

सुभाना थेट कासाराकडे गेला. डझनभर हिरव्या बांगड्या उचलल्या आणि चालू लागला.

"पैसं?" कासार ओरडला.

"दिलं की. मनातल्या मनात."

कासारानं बांगड्या हिसकावल्या आणि पाठीत धपाटा घातला. "पैसं मोजल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई!"

सुभानानं हे पक्कं ध्यानात ठेवलं. दुपारी सासूबाईंनी पुरणपोळीचं ताट वाढलं. हा ताटाला हातच लावेना.

"जेवा की," सासूबाई म्हणाल्या.

सुभानानं रुपया काढून ताटाशेजारी ठेवला. "ह्यात कितव्या हिश्शाची पोळी बसंल?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत हौसाला मात्र हसू आवरेना. हसता हसता तिचा राग कुठल्या कुठं गेला. "येडा हाय, पर माझा हाय," म्हणाली आणि ट्रंक भरायला बसली.

सासऱ्यांनी हात टेकले. "साठाचं ऱ्हाऊ द्या. एवढंच ध्यानात ठेवा. जवळ असंल त्याचं तीन वाटं करायचं. एक वाटा वापरायचा, दोन शिल्लक ठेवायचं. आन् ज्याच्यावर जीव असंल ते आधी शिल्लक ठेवायचं."

सासूबाईंनी लोणच्याची बरणी दिली. दोघं एस्टीच्या फाट्यावर आली. "सामान बघा, मी पाणी पिऊन येते," म्हणून हौसा नळावर गेली.

तेवढ्यात एस्टी आली. सुभानानं आपल्याजवळ काय काय आहे ते बघितलं. बरणी, ट्रंक, हौसा. बोटांवर मोजलं. बरोबर तीन वाटे. आनंदानं गाडीत चढला.

संध्याकाळी दारात आई सुनेवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभी होती. सुभाना एकटाच आला. काखेत बरणी.

"आरं, सून कुठाय?"

सुभानाची छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा त्याचं गणित सुटलं होतं.

"आये, लोणचं वापरायला आणलंय. ट्रंक आन् हौसा फाट्यावर शिल्लक हाईत!"