मोहाखालचे एकोणीस मुंडे

चिचपाटीच्या वेशीवर एक जुना मोह आहे. त्याच्याखाली सागाचे एकोणीस खांब उभे आहेत, चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले. हे कोरकूंचे मुंडे. गेलेल्या माणसाच्या नावानं उभारतात. इथलं पथ्य एकच: कोणता मुंडा कुणाचा, ते विचारायचं नाही. का, ते मोतीराम आजोबा पाहुण्यांना सांगतात.

फार मागं, म्हणे, गढीला नवा दरवाजा करायचा होता. मुरलेला साग हवा म्हणून कारभारी बैलगाड्या घेऊन आला. ज्याचा मुंडा त्यानं धरावा, म्हणाला, बेवारस तेवढे नेईन. आदल्याच वर्षी देवीच्या साथीत घरंच्या घरं बसली होती. माणसं आपापल्या मुंड्याला बिलगली, तरी बारा मोकळेच राहिले.

फुलकाय नावाच्या म्हातारीचा एकुलता लेक त्याच साथीत गेला होता. त्याचा मुंडा तिनं घट्ट धरला होता. पण शेजारच्या मोकळ्या मुंड्याला दोर पडला. आपला वाचला, मग याला कोण? तिनं लेकाला सोडलं आणि दोराखालचा मुंडा कवटाळला. हा माझा, म्हणाली. दोर पुढच्याला गेला, तशी तीही गेली. हाही माझा.

"म्हातारे, पोरं तरी किती तुला?" कारभारी हसला.

"मोजून घे की. उभी आहेत."

ते ऐकून बाकीच्यांनीही आपापले मुंडे सोडून मोकळे धरले, असं सांगतात. बेवारस कोणता तेच कळेना, तसा कारभारी वरमला, पण जाताना त्यानं तिला मोहाखाली शपथ घ्यायला लावली. सगळे तुझेच ना, मग एकालाही जास्त मान द्यायचा नाही. एकापुढं दाण्यांची वेगळी मूठ दिसली, की गाड्या परत येतील.

गाड्या रिकाम्या गेल्या. फुलकाय पुढं अकरा वर्षं जगली, म्हणे. लेकाच्या मुंड्यापाशी ती इतरांपेक्षा क्षणभरही जास्त थांबली नाही.

आजही सणाला डावीकडून सुरुवात होते, प्रत्येकापुढं कुटकीची एकेक मूठ. दाणे कमी पडले तर पूजा थांबते. माणूस घरी जाऊन आणतो.

मागं एका पाहुणीला राहवलं नाही. पथ्य ऐकूनही तिनं चाचरत विचारलं, "आजोबा, तिच्या लेकाचा कोणता हो?"

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी कुटकीची टोपली तिच्यापुढं सरकवली.

"ज्यांना ठाऊक होतं, ते न सांगताच गेले, बेटा. तू मूठ भर. डावीकडून लाग."